ऐंशीचा फरक

रक्ताचा एक थेंब द्या, सगळे कॅन्सर कळतील, हा मेसेज परवा मामांनी पुन्हा पाठवला. नुसतं ‘असं नसतं मामा’ म्हणून त्यांचं समाधान होईना. म्हणून सविस्तर लिहितोय.

जनुक तपासलं की पेशी कोणतं प्रथिन बनवू शकते ते कळतं. ते प्रथिन आत्ता कामाला लागलंय का, हे कळायला प्रथिनच तपासावं लागतं, आणि त्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर हा जबरदस्त तराजू आहे.

गाठीच्या तुकड्यातली प्रथिनं आधी ट्रिप्सिनने कापतात. आपल्या आतड्यात जेवण पचवणारं हेच ते विकर. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ; तिच्यात लायसीन किंवा आर्जिनीन हे अमिनो आम्ल आलं की त्याच्या पुढे काप, हा त्याचा नियम. मग प्रथिनांचे हे तुकडे बारीक सुईतून, हजारो व्होल्टच्या दाबाखाली, फवारतात. थेंब सुकत जातो आणि विद्युतभारित तुकडा तेवढा तरंगत उरतो. या युक्तीसाठी जॉन फेन यांना २००२ साली नोबेल मिळालं.

माझा सगळ्यात लाडका भाग पुढे आहे. यंत्र तुकड्याचं वजन करतं, मग त्याला वायूच्या रेणूंवर आपटून फोडतं आणि त्या चुऱ्याचंही वजन करतं. वजनांची शिडी तयार होते. दोन पायऱ्यांमध्ये १६३ डाल्टनचं (डाल्टन म्हणजे रेणूंच्या वजनाचं एकक) अंतर दिसलं, तर तिथे टायरोसीन हे अमिनो आम्ल. पण कधी त्याच जागी २४३ येतात. वरचे ८० टायरोसीनला चिकटलेल्या फॉस्फेटचे! ईजीएफआर नावाच्या प्रथिनावर हे ८० चढले, की ‘विभाजन कर’ हा निरोप पेशीत जायला लागतो. फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये दिलं जाणारं गेफिटिनिब हे औषध नेमकं हेच ८० चढू देत नाही.

मग रक्तात का नाही जमत? रक्तद्रवातल्या प्रथिनांत वजनाने निम्म्याहून जास्त एकटं अल्ब्युमिन असतं. गाठीतून आलेलं प्रथिन त्या गर्दीत कुठल्या कुठे हरवतं. त्यात संशोधकाच्या हातावरच्या त्वचेचं, अंगातल्या लोकरी स्वेटरचंही केराटिन हे प्रथिन नमुन्यात उतरतं.

२००२मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात रक्तातल्या प्रथिनांच्या नक्षीवरून अंडाशयाचा कॅन्सर ओळखल्याचा निबंध आला. ५० पैकी ५० रुग्ण बरोबर! केवढा गाजावाजा झाला. संख्याशास्त्रज्ञांनी नंतर तीच माहिती उलगडली, तेव्हा नमुने यंत्रावर कसे आणि कधी चालवले, याचाच फरक त्या नक्षीत मिसळलेला असण्याची दाट शक्यता दिसली. आता कुठलीही काळजीपूर्वक काम करणारी पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधक) आजारी आणि निरोगी नमुने पत्त्यांसारखे पिसून मगच यंत्रावर चढवते.