ग्वाल्हेर संस्थानाची इस्पितळी जहाजे

इस्पितळी जहाज म्हणजे युद्धातील जखमी व आजारी सैनिकांवर उपचार करण्यासाठी आणि त्यांना रणभूमीपासून दूर नेण्यासाठी सज्ज केलेले जहाज. समुद्रापासून शेकडो कोस आत असलेल्या ग्वाल्हेरच्या शिंदे दरबाराचे नाव अशा दोन जहाजांशी जोडलेले आहे, हे वरकरणी विचित्र वाटते. मात्र ज्या शहराचा मराठी भाग दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसला आणि आजही लष्कर याच नावाने ओळखला जातो, तेथे जखमी शिपाई ही काही लांबची गोष्ट नव्हती.

सोल्फेरिनोच्या लढाईत (१८५९) हजारो जखमी उपचाराविना पडलेले पाहून हेन्री ड्युनांट यांनी जी चळवळ उभारली, तिच्यातून १८६४ चा जिनीव्हा करार झाला. तो जमिनीवरील युद्धापुरता होता. त्याची तत्त्वे सागरी युद्धाला लागू झाली ती १८९९ च्या हेग परिषदेत. त्यानुसार इस्पितळी जहाजाचे नाव शत्रुपक्षाला आधी कळवावे लागे आणि जहाजाला बाहेरून पांढरा रंग देऊन त्यावर सुमारे दीड मीटर रुंदीचा आडवा पट्टा ओढावा लागे. जहाज सरकारी असल्यास हा पट्टा हिरवा, खासगी मदतीचे असल्यास तांबडा असे. जखमी कोणत्याही देशाचा असो, त्याला मदत देणे बंधनकारक होते. शत्रूला जहाजाची झडती घेता येई, पण ते पकडता येत नसे.

हे नियम नवे असतानाच, १९०० मध्ये, चीनमधील बॉक्सर उठावाविरुद्ध ब्रिटिश हिंदुस्थानातून फौज निघाली. त्या मोहिमेसाठी महाराजा माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांनी स्वखर्चाने ‘ग्वाल्हेर’ हे इस्पितळी जहाज दिले आणि स्वतः जनरल गॅसली यांच्या हाताखाली चीनला गेले. त्याच सुमारास मध्य हिंदुस्थान छप्पनच्या (विक्रम संवत १९५६ च्या) दुष्काळात होरपळत होता, हे या दानाचे मोल करताना विसरता येत नाही. संस्थानी दातृत्वात करुणा आणि साम्राज्यनिष्ठा यांची सरमिसळ होतीच. पुढच्या जहाजाच्या नावाने तर ती उघडच केली.

हे दुसरे जहाज ‘लॉयल्टी’, म्हणजे ‘राजनिष्ठा’. कॅनडियन पॅसिफिक कंपनीचे, १८९१ पासून व्हँकूव्हर ते हाँगकाँग या मार्गावर धावणारे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे ४८५ फूट लांबीचे प्रवासी जहाज १९१४ च्या अखेरीस माधवरावांच्या पुढाकाराने विकत घेतले गेले. खर्चात इतर संस्थानिकही सहभागी होते. नव्या नावाने ते जानेवारी १९१५ मध्ये हिंदी सैनिकांसाठी इस्पितळी जहाज म्हणून रुजू झाले आणि पहिले महायुद्ध संपेपर्यंत त्या कामावर राहिले.

हिंदी जखमींची शुश्रूषा नुसत्या औषधपाण्यावर भागत नसे. इंग्लंडमधील ब्रायटनच्या शाही प्रासादात थाटलेल्या इस्पितळात सोवळेओवळे आणि धर्माचार सांभाळण्यासाठी नऊ स्वयंपाकघरे चालवावी लागली आणि पाण्याचे नळही वेगळे ठेवावे लागले. मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) मात्र मूळ व्यवस्थाच कोलमडली. नोव्हेंबर १९१५ मधील टेसिफॉनच्या लढाईनंतर जखमींना उघड्या पडावांवर (मालवाहू नावांवर) दाटीवाटीने निजवून कित्येक दिवस तैग्रिस नदीतून खाली आणावे लागले. खरी उणीव होती ती उथळ नदीत चालणाऱ्या इस्पितळी बोटींची, आणि तेथे सागरी जहाजाचे दान कितीही उदार असले तरी पोहोचू शकत नव्हते. या हलगर्जीपणावर चौकशी आयोगाने १९१७ च्या अहवालात कडक ताशेरे ओढले.

हिंदुस्थानात युद्धकाळातील मदतकार्य सेंट जॉन ॲम्ब्युलन्स व ब्रिटिश रेडक्रॉस आणि सेंट जॉन यांच्या संयुक्त युद्ध समितीची हिंदी शाखा यांच्याकडे होते. भारतीय रेडक्रॉस सोसायटी कायद्याने स्थापन झाली ती १९२० मध्ये. तोपर्यंत ‘लॉयल्टी’चे इस्पितळपण संपले होते. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी ते जहाज विकत घेतले व आपल्या नव्या कंपनीला सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन हे नाव दिले. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनकडे निघाले. १९२३ मध्ये जहाज मोडीत गेले. १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो त्या व्यापारी सफरीच्या स्मरणार्थ. त्याआधीची चार वर्षे त्यात फारशी आठवली जात नाहीत.