औषधी गांजाचा कायदा आणि शाळकरी मुलं

नोव्हेंबर १९९६मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन २१५’ या कायद्याच्या प्रस्तावाला कौल दिला. डॉक्टरांच्या शिफारशीने गांजा वापरू देणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. कर्करोग आणि एड्सच्या रुग्णांना त्यातून दिलासा मिळणार होता. पालकांना मात्र वेगळीच धास्ती होती: गांजाला औषध म्हणायला लागलो, तर पोरं त्याला घाबरतील कशाला?

पुढे बरीच राज्यं त्याच वाटेने गेली. पाहण्यांचे आकडेही धास्ती वाढवणारेच होते. कायदा असलेल्या राज्यांत किशोरवयीन मुलं खरोखरच जास्त गांजा ओढत होती. पण इथेच फसगत होते. जिथे गांजा आधीपासून रुळलेला आहे, तिथे असा कायदा मंजूर होणंही सोपं असतं. म्हणून प्रत्येक राज्य कायद्याआधी कसं होतं आणि नंतर कसं झालं, हे पाहायला हवं. शिवाय त्याच काळात कायदा नसलेल्या राज्यांत काय चाललं होतं, तेही जमेला धरायला हवं, कारण गांजाचं प्रमाण देशभर वरखाली होतच असतं.

संशोधक डेबोरा हासिन आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये नेमकं हेच केलं. मिशिगन विद्यापीठ दरवर्षी आठवी, दहावी, बारावीच्या मुलांकडून प्रश्नावली भरून घेतं. त्यातली १९९१ ते २०१४ची, दहा लाखांहून जास्त मुलांची उत्तरं त्यांनी तपासली. गेल्या ३० दिवसांत गांजा घेतलेली मुलं कायदा करणाऱ्या २१ राज्यांत सुमारे १६ टक्के, इतरत्र सुमारे १३ टक्के. पण ही तफावत कायदा होण्याआधीपासूनचीच होती. कायद्यानंतर प्रमाण वाढलं नाही. आठवीत तर ते ८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं. पुढच्या अभ्यासांतही वाढ दिसली नाही.

म्हणजे गांजा मुलांना चालतो, असा अर्थ कुणी काढला तर तो घातक ठरेल. इथे मोजला गेला तो कायद्याचा परिणाम. मेंदूची जडणघडण पंचविशीपर्यंत सुरू असते, आणि लहान वयात नेहमी गांजा घेणाऱ्यांमध्ये स्मरणशक्तीच्या तक्रारी आणि सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं, जास्त आढळतात. त्यात अमेरिकेत जप्त होणाऱ्या गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, १९९५मध्ये ४ टक्के होतं, ते २०१४पर्यंत १२ टक्क्यांवर गेलं.

कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन यांनी २०१२मध्ये प्रौढांना नशेसाठीही गांजाची मुभा दिली. दुकानातून उघड विक्री करू देणारा तो कायदा मुलांच्या बाबतीत स्वतंत्रपणेच तपासावा लागतो.