ट्रकवरील क्रेन

मालवाहू ट्रकच्याच चासीवर बसवलेले उचल-यंत्र. ते केबिन आणि हौदा यांच्यामध्ये किंवा हौद्याच्या मागच्या टोकाला असते. माल भरणे, नेणे आणि उतरवणे ही तिन्ही कामे एकाच गाडीने होतात. बांधकामांवर दिसणारी ‘हायड्रा’ यापेक्षा वेगळी. ती क्रेन ओझे हुकाला टांगून कामाच्या आवारातच थोड्या अंतरावर नेते, लांबची वाहतूक करत नाही.

स्वीडनमधील हुडिक्सवाल येथे स्की बनवणारे उद्योजक एरिक सुंडिन यांनी १९४४ मध्ये हियाब कंपनी काढली. ट्रकच्या इंजिनावरच हायड्रॉलिक पंप चालवायचा, ही त्यामागची कल्पना आजही कायम आहे. गिअरबॉक्सला जोडलेला पीटीओ (इंजिनाची शक्ती बाहेर काढून देणारी जोडणी) पंप फिरवतो, दाबाखालचे तेल सिलिंडरमध्ये जाते आणि बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, उठते. बूम कोपरातून दुमडणारी असते किंवा एकातून एक सरकत लांब होणारी. दुमडणारी बूम मिटली की हौदा मोकळा राहतो.

‘किती टनी क्रेन?’ हा नेहमीचा प्रश्न अपुरा आहे. क्षमता टन-मीटरमध्ये, म्हणजे वजन गुणिले क्रेनपासूनचे अंतर अशी, मोजावी लागते. १० टन-मीटरची क्रेन ढोबळ हिशेबाने २ मीटरवर ५ टन उचलेल, पण ५ मीटरवर २ टनच. बूम लांबवली की तिचे स्वतःचे वजनही बाहेर सरकते, म्हणून प्रत्यक्ष उचल आणखी घटते. केबिनच्या दिशेने तर ती बहुधा सर्वांत कमी असते. म्हणून चालकाने लोड चार्ट (किती अंतरावर किती वजन उचलता येते याचा तक्ता) पाहिल्याशिवाय हुकाला पट्टा लावू नये.

तितकीच महत्त्वाची जमीन. दोन्ही बाजूंचे जॅक (आधाराचे पाय) पूर्ण बाहेर काढून टेकवले तरच गाडी स्थिर राहते. पावसाळ्यात काळ्या मातीत जॅक खचतो. नुकताच बुजवलेला चर आणि गटाराचे झाकणही तितकेच दगा देणारे. जॅकखाली जाड लाकडी स्लीपर टाकले की भार पसरतो. अरुंद रस्त्यावर एकाच बाजूचा जॅक बाहेर काढून काम उरकण्याची सवय अत्यंत घातक आहे.

विजेचे खांब, रोहित्रे, विटांचे थर, पाण्याच्या टाक्या, जनरेटर अशा वस्तूंसाठी ही क्रेन वापरतात. माणूस वर न्यायचा तर वेगळी, बकेट असलेली लिफ्ट लागते. पथदिवे दुरुस्त करणे आणि पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटणे ही तिची कामे. अग्निशमन दलांच्या उंच शिड्या याच कुळातल्या. मुंबईच्या दलाकडे ९० मीटरपर्यंत पोहोचणारी आहे. क्रेनच्या हुकाला लटकून माणसाने वर जाणे मात्र कोणत्याही कामासाठी समर्थनीय नाही. बकेटमध्येही कंबरपट्ट्याऐवजी पूर्ण अंगाचा हार्नेस घालून तो बकेटच्या कडीला अडकवतात. चालू वीजवाहिनीजवळ विद्युतरोधक बूमचीच लिफ्ट चालते. साध्या क्रेनची बूम तारेला टेकली, तर जमिनीवर उभा राहून गाडीला हात लावणाऱ्या मदतनिसालाही विजेचा प्राणघातक धक्का बसू शकतो.