अतिसारकारक जिवाणूंच्या प्रतिजैविकरोधाचा मागोवा (ग्रामीण विदर्भ)

हगवण, आव व पटकी घडवणाऱ्या जिवाणूंवर कोणते औषध अजून लागू पडते आणि कोणते निकामी ठरू लागले आहे, हे वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने तपासून नोंदवण्याचे काम. व्हिब्रिओ कॉलरी (पटकीचा जिवाणू), शिगेला (रक्ती आवेचा) आणि ई. कोलायचे काही प्रकार हे त्यातले मुख्य जिवाणू.

शौचाचा नमुना प्रतिजैविकाची पहिली गोळी पोटात जाण्याआधी घ्यावा लागतो. खेड्यात घोडे अडते ते इथेच. ढाळ लागले की आधी मेडिकलमधून गोळ्या येतात. रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत औषधाला दबणारे जिवाणू बरेचसे मेलेले असतात आणि दाद न देणारेच हाती लागतात. रोधाचा आकडा त्यामुळे फुगतो. धारणी किंवा एटापल्लीसारख्या ठिकाणाहून प्रयोगशाळा दूर, म्हणून नमुन्याची कापूसकाडी कॅरी-ब्लेअर माध्यमात खुपसून पाठवतात; त्यात जिवाणू वाटेत तग धरतात.

प्रयोगशाळेत वेगळा केलेला जिवाणू म्युलर-हिंटन अगार या जिवाणू वाढवण्याच्या माध्यमाच्या थाळीवर पसरून त्यावर औषध शोषलेल्या ६ मिमी व्यासाच्या चकत्या ठेवतात. सुमारे ३५ अंश सेल्सिअसला १६ ते १८ तासांनी चकतीभोवतीचे वाढरहित वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात; ते जितके लहान, तितका त्या औषधाचा प्रभाव कमी. हा मूळ आकडा जपून ठेवणे अत्यंत गरजेचे आहे. नुसते ‘रोधक’ किंवा ‘संवेदनशील’ लिहिले, तर दरवर्षी थोडे थोडे आक्रसत जाणारे वर्तुळ कुणाच्याच लक्षात येत नाही; शिवाय किती मिलिमीटरला रोधक म्हणायचे याचे निकष बदलले की जुन्या नोंदी नव्याने वाचता येत नाहीत.

शिगेलाच्या बाबतीत भारतात अँपिसिलिन, को-ट्रायमोक्साझोल, नॅलिडिक्सिक आम्ल आणि मग सिप्रोफ्लॉक्सासिन अशी औषधे पाठोपाठ निष्प्रभ होत गेली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ मध्ये उभारलेल्या प्रतिजैविकरोधाच्या देखरेख जाळ्यात अतिसाराच्या जिवाणूंचा समावेश आहे; पण अशी जाळी प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांच्या आधारे चालतात. मेळघाट-गडचिरोलीच्या पाड्यांवरचे चित्र त्यावरून ठरवणे धोक्याचे.

रोधक जिवाणूंची टक्केवारी काढताना एका रुग्णाचा पहिलाच जिवाणू धरतात, आणि एका जातीचे किमान ३० जिवाणू हाती असावेत असा संकेत आहे. एका प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षात इतके मिळणे कठीण. तेव्हा शेजारच्या केंद्रांच्या किंवा लागोपाठच्या वर्षांच्या नोंदी एकत्र कराव्या लागतात.

लहान मुलांच्या बहुतेक पातळ जुलाबांना प्रतिजैविक लागतच नाही. ओआरएस आणि १४ दिवस झिंक पुरते. रक्ती आव आणि गंभीर पटकी यांना मात्र ते लागते. त्यासाठी केंद्राच्या कपाटात कोणती गोळी ठेवायची, हे या नोंदींवरून ठरवता येते.