स्टेमचे पाणी आणि एमआयडीसीचे पाणी

ठाण्यात पाणी बंद राहणार असल्याची सूचना सोसायटीच्या फलकावर लागते, तेव्हा तिच्यात कधी 'स्टेम प्राधिकरणाकडून होणारा पुरवठा' असे शब्द असतात, तर कधी 'एमआयडीसीकडून होणारा पुरवठा' असे. घोडबंदर रोडच्या रहिवाशांना बहुधा पहिली सूचना लागू पडते, दिवा-कळव्याच्या रहिवाशांना दुसरी. दोन्ही संस्था उल्हास खोऱ्यातले पाणी घाऊक प्रमाणात आणून देतात आणि घरी बिल मात्र महापालिकेचेच येते. त्यामुळे ही दोन्ही सरकारची एकसारखी खाती असावीत, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात महापालिकेचे या दोघांशी असलेले नाते मुळातच निराळे आहे.

स्टेमची योजना उल्हास नदीतून शहाडला पाणी उचलून भिवंडीजवळच्या टेमघर येथे ते शुद्ध करते. ही योजना चालवणाऱ्या कंपनीचे भागधारक आहेत ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर या तीन महापालिका, आणि त्यांच्या जोडीला ठाणे जिल्हा परिषद. जिल्हा परिषदेचे नाव इथे शोभेसाठी नाही. शहरांकडे जाणारी जलवाहिनी ज्या गावांच्या शिवारातून जाते, त्या गावांनाही तिच्यातून पाणी मिळावे, हा हक्क मांडणारे कोणीतरी भागीदारांत असावे लागते. पंचायती आणि नगरपालिका यांच्यातील पाणीवाटपाचा विचार जिल्ह्याच्या विकास आराखड्यात व्हावा, असे १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने सांगितलेच आहे. स्टेममध्ये त्याला रोजच्या व्यवहाराचे रूप मिळाले आहे. इथे महापालिका ग्राहकही असते आणि मालकही.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, मात्र १९६१च्या कायद्याने निर्माण झालेले राज्य शासनाचे महामंडळ आहे. बदलापूरजवळचे बारवी धरण त्याचे, जांभूळचे जलशुद्धीकरण केंद्रही त्याचेच. उद्योगांसाठी उभारलेल्या या यंत्रणेतून ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, मीरा-भाईंदर अशा शहरांना पाणी विकत दिले जाते. मोरबे हे स्वतःचे धरण असलेली नवी मुंबईही दिघ्याकडच्या भागासाठी याच पाण्यावर विसंबते. या व्यवहारात महापालिका केवळ ग्राहक असते.

तरीही बारवीच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. धरणाची उंची वाढवताना मुरबाड तालुक्यातील ज्यांची घरे आणि जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्या कुटुंबातील एकेका व्यक्तीला महामंडळाबरोबरच वाढीव पाणी घेणाऱ्या स्थानिक संस्थांनीही नोकरी द्यावी, असे ठरले. माझ्या मते प्रादेशिक सहकार्याचा हा सर्वांत न्याय्य भाग आहे, कारण नळाला येणाऱ्या पाण्याची किंमत कोणी मोजली, हे त्यामुळे महापालिकेच्या हजेरीपटावरच नोंदले गेले.

पाणी कमी पडले की हा फरक उपयोगी पडतो. नदीतून किती पाणी उचलायचे, ते दोघांनाही जलसंपदा विभागच ठरवून देतो, त्यामुळे पावसाळ्याआधीच्या कपातीचा दोष दोघांवरही ढकलता येत नाही. जलकुंभापासून आपल्या मीटरपर्यंतच्या गळतीला आणि असमान दाबाला दोन्हीकडे महापालिकाच जबाबदार असते. परंतु घाऊक पाण्याचा दर, जुन्या वाहिनीची दुरुस्ती किंवा वाढीव कोटा यांचा प्रश्न असेल, तर स्टेमच्या बाबतीत नागरिकांनी आपल्या महापालिकेला तिथली भागधारक म्हणून जाब विचारावा. एमआयडीसीच्या बाबतीत महापालिका फार तर पाठपुरावा करू शकते आणि निर्णय राज्य शासनाच्या दारात होतो.