आपत्तीनंतरची घरबांधणी : चर्चच्या स्वयंसेवकांचा सहभाग (सातारा–सांगली परिसर)

भूकंप, महापूर किंवा दरड कोसळणे अशा नैसर्गिक आपत्तीत पडलेली अथवा राहण्यास अयोग्य झालेली घरे दुरुस्त करण्याच्या व नव्याने बांधण्याच्या कामात ख्रिस्ती मंडळ्यांच्या सभासदांनी श्रम, निधी, साहित्य किंवा देखरेख यांच्या रूपाने विनामोबदला घेतलेला भाग. पहिल्या पंधरवड्यातील अन्न, कपडे व औषधे यांच्या वाटपाहून हे काम निराळे आहे. वाटपाला माणसे आणि वाहने पुरतात. घरबांधणीला जागेची कागदपत्रे, गवंडी, पाणी, योग्य हंगाम आणि वर्ष-दीड वर्ष टिकणारी चिकाटी लागते. मदतीचे ट्रक यायचे बंद झाल्यावर घरबांधणी सुरू होते, आणि चर्चच्या सहभागाचे मोलही मुख्यतः या उशिराच्या टप्प्यातच आहे.

सातारा व सांगली हे शेजारचे जिल्हे कृष्णेच्या खोऱ्यात असले, तरी त्यांच्यावर येणारी संकटे सारखी नाहीत. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरजवळ ६.३ ते ६.५ परिमाणाचा भूकंप झाला. त्यात पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली आणि कोयनानगर वसाहतीतील बहुसंख्य घरे पडली किंवा तडकली. धरणाच्या जलाशयामुळे भूकंपाला चालना मिळाल्याचे उदाहरण म्हणून तो जगभर अभ्यासला जातो, आणि त्या भागात लहान धक्के आजही जाणवतात. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिमी.हून अधिक पाऊस नोंदला गेला, त्याच अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळून घरे माणसांसकट गाडली गेली. सांगलीचे संकट पाण्याचे आहे. शहरातील आयर्विन पुलाजवळ (१९२९) कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली जाते. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर गेले, तर २०२१ मध्ये ते पुन्हा ५० फुटांपलीकडे पोहोचले.

घरे कशी पडतात हे समजल्याशिवाय स्वयंसेवकांच्या कामाचा क्रम कळत नाही. नदीकाठच्या गावांतील जुनी घरे बहुधा मातीच्या किंवा मातीत रचलेल्या दगड-विटांच्या भिंतींची असतात, आणि असे घर पुष्कळदा पाणी चढताना नव्हे, तर ओसरल्यावर पडते. पूर असेपर्यंत भिंतीला दोन्ही बाजूंनी पाण्याचा आधार असतो. तो गेला की भिजून जड झालेली आणि बांधणीची पकड सुटलेली भिंत आपल्याच वजनाने बसते. काळ्या जमिनीवरच्या घरांत आणखी एक भर पडते : ही माती भिजल्यावर फुगते व वाळताना आकसते, त्यामुळे पूर उलटून महिना झाल्यावरही पाया हलून भिंतींना नव्या भेगा जातात. म्हणून माणसे घरी परतल्याबरोबर गिलावा करून देण्याची घाई अनुभवी तुकड्या करीत नाहीत. पाटणच्या डोंगरी भागात प्रश्न भूकंपाचा असतो. तेथील जाड दगडी भिंत प्रत्यक्षात दोन वेगळ्या पदरांची असते, मध्ये लहान दगड व मातीची भर असते, आणि दोन्ही पदरांना सांधणारे आरपार दगड नसले की धक्क्यात ती पोटातून फुटते. दरडीत गेलेल्या घराबाबत दुरुस्तीचा विचारच उद्‌भवत नाही, तेथे नवी जागा शोधावी लागते.

या प्रथेचा उगम युरोप-अमेरिकेतील शांततावादी ख्रिस्ती पंथांत सापडतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात क्वेकर स्वयंसेवकांनी फ्रान्समधील उद्ध्वस्त खेड्यांत लाकडी घरे उभारली. पिएर सेरेसोल या स्विस शांततावाद्याने १९२० मध्ये फ्रान्समधील व्हर्दंजवळच्या एका गावी विविध देशांच्या तरुणांचे पहिले श्रमशिबिर भरविले, आणि १९३४ च्या बिहार भूकंपानंतर तो मोजक्या सहकाऱ्यांसह भारतात येऊन मुझफ्फरपूर परिसरात घरबांधणीच्या कामाला लागला. युद्धास नकार देणाऱ्यांनी समाजाला शारीरिक श्रमाने काही द्यावे, हा त्यामागील विचार होता. अमेरिकेतील मेनोनाइट मंडळ्यांनी १९५० मध्ये कॅन्ससमधील हेस्टन येथे ‘मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस’ सुरू केली. आपत्ती ओसरल्यावर दीर्घकाळ राहून घरे बांधणे हेच तिचे वैशिष्ट्य ठरले. १९७६ मध्ये जॉर्जिया राज्यातील अमेरिकस येथे स्थापन झालेल्या ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ने घर मिळणाऱ्या कुटुंबाने स्वतःही बांधकामावर राबले पाहिजे, अशी अट घातली. ही अट मराठी खेड्याला परकी वाटू नये, कारण पैऱ्याने एकमेकांच्या शेतात राबण्याची आणि गावजेवणासह इर्जिक घालण्याची रीत इकडे जुनीच आहे.

भारतात या कामाला संस्थात्मक रूप देणाऱ्या संघटनांत प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चची ‘कासा’ (१९४७) आणि कॅथलिक चर्चची ‘कारितास इंडिया’ (१९६२) या प्रमुख होत. महाराष्ट्रापुरते पाहिल्यास ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने पुनर्वसनाची पद्धतच बदलली. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या त्या कार्यक्रमात सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविली गेली, आणि धार्मिक संस्थांसह अनेक देणगीदार संस्थांनी गावे दत्तक घेऊन घरे बांधून दिली. त्यातून मिळालेले धडे कडू होते. सरळ रस्त्यांच्या आखीव वसाहतीत भावकी विखुरली, गोठ्याला जागा उरली नाही, आणि कित्येक कुटुंबांनी दिलेल्या घरापुढे पत्र्याची जोडशेड काढून प्रत्यक्षात तीच वापरली. देणाऱ्याने नकाशा ठरवावा आणि घेणाऱ्याने किल्ली घ्यावी, हा प्रकार त्यानंतर जाणत्या संस्थांनी टाळायला सुरुवात केली.

सातारा-सांगलीत ख्रिस्ती समाज संख्येने लहान, लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. पण संस्थांच्या दृष्टीने तो जुना आहे. साताऱ्यात व वाईत अमेरिकन मराठी मिशनचे, तर सांगली-मिरजेत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे काम एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. मिरजेचे वॉनलेस रुग्णालय (१८९४) हे त्याचे सर्वांत परिचित फलित होय. या दोन्ही परंपरांतील मंडळ्यांचा मोठा भाग १९७० मध्ये स्थापन झालेल्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’मध्ये सामील झाला. एवढ्या लहान समाजाकडून शेकडो हातांची फौज अपेक्षिता येत नाही. त्याच्यापाशी असते ते पाळक व पंच यांचे ओळखीचे जाळे, महिला मंडळ व तरुण संघ, साहित्य ठेवायला चर्चचा किंवा शाळेचा आवार, आणि रविवारचे दानार्पण, वर्गणी किंवा कापणीच्या सणातील लिलाव यांतून जमणारा बेताचा निधी. देशव्यापी संस्था पैसा व अभियंते पुरविते आणि स्थानिक मंडळी घरोघरची माहिती व रोजची हजेरी पुरविते, अशी वाटणी येथे व्यवहार्य ठरते.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात फावडे व घमेल्यांनी होते. पुराने आणलेला गाळ ओला असेपर्यंत निघतो, वाळला की टिकावानेही दाद देत नाही. त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस चिखल काढणे, भिजलेले अंथरूण व धान्य बाहेर नेणे, पाण्याच्या खुणेपर्यंतचा सुटलेला गिलावा खरवडणे आणि दारे-खिडक्या उघडून घर वाळत ठेवणे एवढेच करायचे असते. हे काम अकुशल माणूसही करू शकतो, म्हणून स्वयंसेवकांची गर्दी याच टप्प्यात उपयोगी पडते. त्यानंतर यादी करण्याचे नाजूक काम येते. तलाठ्याच्या पंचनाम्यात घर पूर्ण पडले, अंशतः पडले की गोठाच पडला, यावर सरकारी मदत ठरते. केंद्राच्या निकषांनुसार २०१५–२० या काळात पूर्ण पडलेल्या घरासाठी सपाट प्रदेशात ९५,१०० रुपये मिळत. २०२२ मध्ये ही रक्कम १,२०,००० रुपये करण्यात आली. भाडेकरू, गावठाणाबाहेर झोपडी घातलेले शेतमजूर, सासऱ्याच्या नावच्या घरात राहणारी विधवा अशी माणसे या निकषांच्या फटीत सापडतात. चर्चचा मर्यादित निधी सर्वांना थोडा थोडा वाटण्यापेक्षा अशा मोजक्या कुटुंबांवर पूर्ण खर्च करणे अधिक न्याय्य ठरते, मात्र ती निवड ग्रामसभेत उघडपणे वाचून दाखवली नाही तर गावात कायमचा कलह राहतो.

बांधकामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन वळवाच्या पावसापर्यंत चालतो. वीटभट्ट्याही पावसाळ्यानंतरच पेटतात. त्यात नदीकाठच्या भट्ट्यांचा कच्चा माल पुरात वाहून गेला असेल, तर त्या वर्षी वीट महाग मिळते. याच महिन्यांत उसाचा गळीत हंगाम असल्याने मजूर व ट्रॅक्टर दोन्ही अडकलेले असतात. अशा वेळी पाया खोदणे, मुरूम भरून चोपणे, विटा वाहणे, माल कालवणे आणि विशेषतः रोज सकाळ-संध्याकाळ नव्या बांधकामावर पाणी मारणे ही कामे स्वयंसेवकांनी उचलली तर गवंड्याचा वेळ वाचतो. ओळंबा आणि सूत मात्र गवंड्याच्याच हाती राहिले पाहिजे. बॅनर लावून दोन दिवसांसाठी येणाऱ्या बसभर तरुणांपेक्षा मंडळीतील एखादा निवृत्त ओव्हरसियर, जो चार महिने नेमाने साइटवर जाऊन सिमेंटचे प्रमाण व सळईची गाठ तपासतो, तो घरासाठी कितीतरी अधिक करतो. पण त्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही. स्थानिक गवंडी व बिगारी यांना चालू दराने मजुरी देणे हाही या कामाचा अलिखित नियम आहे, कारण त्यांची स्वतःची घरेही पुरात गेलेली असतात आणि फुकट श्रमाने त्यांचा रोजगार बुडविणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे होय.

घराच्या रचनेत सुरक्षिततेचे काही भाग तडजोडीपलीकडचे मानले जातात. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या (क्रमांक १८९३) २०१६ मधील आवृत्तीत कोयना परिसर भूकंपाच्या चौथ्या, म्हणजे अधिक धोक्याच्या, क्षेत्रात येतो. अशा ठिकाणी जोत्याच्या, दार-खिडक्यांच्या माथ्याच्या आणि छताच्या पातळीवर संपूर्ण घराला वेढणारे काँक्रीटचे पट्टे, कोपऱ्यांत उभ्या सळया आणि दगडी भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड घालणे आवश्यक असते. याचे तपशील मानक क्रमांक ४३२६ व १३८२८ यांत दिलेले आहेत. पत्र्याचे छत असल्यास ते तुळयांना बोल्टने आवळावे लागते, वर दगड ठेवून भागत नाही. सांगलीच्या पूरपट्ट्यात जोते उंच करण्याला मर्यादा आहे, कारण २०१९ च्या पातळीवर जोते न्यायचे तर घर खांबांवरच उभे करावे लागेल. तेथे काँक्रीटचे खांब, सिमेंटमधील भिंती आणि धान्य व कागदपत्रे वर नेता येतील असा जिना असलेला स्लॅब हा मध्यम मार्ग ठरतो. सरकारी घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौ.मी. असते. त्यात चूल, शिधा आणि पाच माणसे बसविताना गृहिणीला विचारले तर ओटा व मोरी कोठे हवी ते ती अचूक सांगते, पण आराखड्याच्या बैठकीला बहुधा तिचा नवराच येतो.

सर्वांत मोठा अडथळा भिंतीचा नसून जमिनीचा असतो. जलसंपदा विभागाने आखलेल्या निळ्या पूररेषेच्या (२५ वर्षांतून एकदा येणारा पूर) आत बांधकामास मनाई आहे, आणि निळी व लाल रेषा (१०० वर्षांतून एकदा येणारा पूर) यांमधील पट्ट्यात ते नियंत्रित आहे. परिणामी जुन्या जागी नवे घर बांधून देणारी संस्था नियम मोडते आणि कुटुंबाला पुन्हा पुरात ठेवते. दुसरीकडे नवी जागा देण्याचा अधिकार तिला नसतो. पाटणच्या दरडग्रस्त वाड्यांबाबत तर गायरान किंवा खासगी जमीन मिळून भूखंड नावावर होईपर्यंत एक वीटही लावता येत नाही, आणि कोयना धरणासाठी एकदा उठलेल्या कुटुंबांना दुसऱ्यांदा उठायला सांगणे सोपे नसते. या मधल्या काळात पत्र्याचे तात्पुरते निवारे, घरभाड्यास साहाय्य आणि नमुना आठचा उतारा, वारसनोंद, बँक खाते यांसाठी कार्यालयात सोबत जाणे, ही वरवर किरकोळ दिसणारी सेवा चर्चचे स्वयंसेवक अधिक परिणामकारकपणे करू शकतात.

मदतीआड धर्मप्रसार होतो, हा आक्षेप या कामावर नेहमी घेतला जातो, आणि तो केवळ गैरसमज म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही. गरजेत सापडलेल्या माणसाचा होकार मुक्त असतोच असे नाही. रेडक्रॉस चळवळ व स्वयंसेवी संस्थांनी १९९४ मध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेत मदतीचा वापर कोणत्याही राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी करू नये, असे कलम आहे, आणि ती तयार करणाऱ्यांत कारितास इंटरनॅशनॅलिस, लुथरन वर्ल्ड फेडरेशन व जागतिक चर्च परिषद यांचा समावेश होता. हे पाळण्याची सोपी कसोटी लाभार्थी-यादीतच असते : गावातील ख्रिस्ती घरांचे प्रमाण आणि मदत मिळालेल्या ख्रिस्ती घरांचे प्रमाण यांत तफावत दिसली, तर शंकेला जागा राहते. पैशाच्या बाजूने परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० लागू होतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच स्वीकारावा लागतो आणि तो दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही. मोठ्या संस्थेने निधी घेऊन तो खेड्यातील लहान मंडळीकडे सोपविण्याची जुनी साखळी त्यामुळे तुटली. आता मोठी संस्था स्वतःच खर्च करते आणि स्थानिक मंडळी वर्गणीच्या बळावर स्वतःपुरते काम उचलते.

घर ताब्यात दिल्यानंतरची एक पावसाळी तपासणी हा या कामाचा सहसा वगळला जाणारा भाग आहे. जोत्याभोवती पाणी साचते का, पट्ट्यांखाली भेग गेली का, छताचे बोल्ट सैल झाले का, हे पहिल्या पावसाळ्यातच दिसते, आणि दुरुस्तीचा खर्च तेव्हा अल्प असतो. अंदाजपत्रकात त्यासाठी रक्कम राखून ठेवणाऱ्या संस्था थोड्या आहेत, कारण देणगीदारांना पाठवायचा अहवाल बहुतेक वेळा गृहप्रवेशाच्या दिवशीच पूर्ण झालेला असतो.