एचपीव्ही निगेटिव्ह, तरीही कर्करोग

गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, हे आता बऱ्याच घरांत माहीत झालं आहे, आणि ते व्हायलाच हवं होतं. जर्मनीच्या हाराल्ड झुर हाउझेन यांनी १९८३ मध्ये या कर्करोगाच्या गाठींत एचपीव्ही-१६ हा त्या विषाणूचा एक प्रकार शोधून काढला. त्यासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. मधल्या काळात, १९९९ मध्ये, अनेक देशांतले नमुने तपासून एक आकडा पुढे आला: ९९.७ टक्के. म्हणजे विषाणू जवळजवळ प्रत्येक गाठीत. हा आकडा इतका रुजला की विषाणूशिवाय हा आजार होतो, हेच अनेकांच्या मनातून पुसलं गेलं.

पण तो होतो. नंतरच्या अभ्यासांनुसार एकूण रुग्णांत त्याचा वाटा थोडा आहे, पण ९९.७ च्या आकड्यावरून वाटतो त्याहून जास्त, साधारण पाच टक्क्यांच्या घरात. ग्रंथींच्या पेशींतून निघणाऱ्या ॲडिनोकार्सिनोमात मात्र तो बराच वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या वर्गीकरणात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे एचपीव्हीशी निगडित आणि एचपीव्हीविना असे सरळ दोन गटच केले. नमुना जुना झाल्याने किंवा चाचणी चुकल्यानेही विषाणू सापडत नाही, तेव्हा प्रत्येक ‘निगेटिव्ह’ गाठ दुसऱ्या गटातली नसते. हा फरक पॅथॉलॉजिस्टला मायक्रोस्कोपखाली ठरवावा लागतो.

विषाणू पेशीत शिरला की त्याची दोन प्रथिनं काम बिघडवतात. ई-६ हे प्रथिन पी-५३ या राखणदार प्रथिनाचा नाश घडवतं, ई-७ दुसऱ्या राखणदाराला निकामी करतं. या गडबडीत पेशीत पी-१६ नावाचं प्रथिन साचत जातं. प्रयोगशाळेत त्याचा रंग दिला की गाठ सलग गडद तपकिरी दिसते आणि विषाणूचा माग लागतो. एचपीव्हीविना झालेल्या गाठीत तो सलग रंग सहसा येत नाही. तिथे बिघाड पेशीच्या स्वतःच्या जनुकांत असतो, बरेचदा पी-५३ च्याच जनुकात.

या गटातला सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत फसवा प्रकार म्हणजे जठर-प्रकारचा ॲडिनोकार्सिनोमा. गर्भाशयमुखाच्या आतल्या पेशी एरवीही चिकट स्राव तयार करतात. या आजारात त्या जठराच्या खालच्या टोकाकडच्या ग्रंथींसारख्या वागू लागतात. स्रावाचं रसायनही बदलतं: एका ठरावीक रंगप्रक्रियेत नेहमीचा स्राव निळा-जांभळा दिसतो, हा गुलाबी-लाल. याचं सगळ्यात सौम्य दिसणारं रूप गुसेरोव या जर्मन डॉक्टरांनी १८७० मध्येच नोंदवलं होतं. त्यातल्या पेशी इतक्या साळसूद दिसतात की एकेक पेशी पाहून कर्करोग म्हणायला कुणी धजणार नाही. ग्रंथी जिथे असू नयेत इतक्या खोलवर गेलेल्या दिसतात, तेव्हा खरा प्रकार कळतो. जपानमध्ये गर्भाशयमुखाच्या ॲडिनोकार्सिनोमांपैकी सुमारे २० ते २५ टक्के या प्रकारचे असतात, आणि त्यावरचं बरंच मोलाचं संशोधन तिथेच झालं.

ही गाठ बहुधा गर्भाशयमुखाच्या वरच्या भागात, आत सुरू होते. पृष्ठभाग वरून नितळ दिसू शकतो. पॅप स्मिअर म्हणजे मुखावरच्या पेशी खरवडून केलेली तपासणी, तिच्या ब्रशला या गाठीच्या पेशी लागत नाहीत, लागल्या तरी निरुपद्रवी वाटतात, आणि एचपीव्ही चाचणी तर निगेटिव्हच येणार. मग बाईजवळ एकच खूण उरते: अंगावरून पाण्यासारखं जाणं. पांढरं जातंय असं समजून गोळ्या दिल्या जातात, काही आठवड्यांनी पुन्हा गोळ्या, आणि महिने निघून जातात. मला या आजारातली सर्वांत जीवघेणी गोष्ट हीच वाटते. निदान होईपर्यंत तो अनेकदा बीजाशयांपर्यंत किंवा पोटाच्या आतल्या आवरणापर्यंत पोहोचलेला असतो, आणि केमोथेरपी-रेडिएशनला तो नेहमीच्या प्रकारापेक्षा कमी दाद देतो.

काही घराण्यांत हा धोका जन्मापासून असतो. प्यूट्झ-येगर्स सिंड्रोममध्ये एसटीके-११ हे जनुक बिघडलेलं असतं. लहानपणी ओठांवर आणि गालांच्या आतून काळपट ठिपके येतात, आतड्यात पॉलिप म्हणजे मांसल कोंब होतात. अशा मुलीच्या गर्भाशयमुखावर पुढे लक्ष ठेवावं लागतं.

दुसरा प्रकार क्लिअर सेल कार्सिनोमा. त्याची कहाणी बॉस्टनची आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथे तरुण मुलींना योनीमार्गाचा असा कर्करोग होताना दिसला, जो त्या वयात जवळपास ऐकिवात नव्हता. आर्थर हर्बस्ट आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये आठ रुग्णांची तुलना ३२ निरोगी मुलींशी केली. आठपैकी सातजणींच्या आयांनी गरोदरपणात गर्भपात टळावा म्हणून डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन घेतलं होतं. ३२ पैकी एकीच्याही आईने नाही. पुढे गर्भाशयमुखाचा क्लिअर सेल कर्करोगही याच औषधाशी जोडला गेला. त्या औषधाने गर्भपात टळत नाही, हे शिकागोच्या चाचणीत १९५३ मध्येच दिसलं होतं, तरी ते आणखी अठरा वर्षं दिलं जात राहिलं. डीईएसचा संबंध नसतानाही हा प्रकार होतो, पण अगदी विरळ.

मुलींना लस द्यायची आणि बायकांची एचपीव्ही चाचणी करायची, हे धोरण यामुळे चुकीचं ठरत नाही. त्याचा भक्कम पुरावा तर आपल्याच मातीतला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांवर झालेल्या अभ्यासात, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पण ती चाचणी धडधाकट बायकांसाठी आहे, पुढचा धोका जोखण्यासाठी. जिला त्रास होतोय, तिचा त्रास निगेटिव्ह रिपोर्टवर मोडीत काढता येत नाही. सतत पाणी जाणं, संबंधांनंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसणं, यापैकी काही असेल तर डॉक्टरांकडून आतली तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी, गरज पडली तर एमआरआय. वरवरच्या तुकड्यात काही सापडलं नाही आणि शंका कायम असेल, तर खोलवरची बायोप्सी मागायला संकोच नको. लवकर सापडलेली गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढता येते, आणि रेडिएशनला कमी दाद देणाऱ्या या प्रकारात त्या संधीचं मोल फार मोठं आहे.